चित्रतुरगाची खुर्ची

श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय विद्यार्थी निमूट लिहून घेतात. चित्रातला घोडा खराही नाही आणि खोटाही नाही, हे त्यांना पटत मात्र नाही. यंदा जतच्या आमच्या घरात मुलगा मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळासाठी हलती खुर्ची बेतू लागला आणि मला त्या न्यायावरचे भाष्यच सापडले.

आराखडा साधा आहे. मोटारीची जुनी सीट, तिच्याखाली युनिव्हर्सल जॉइंट, ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी, कल मोजणारे पोटेन्शिओमीटर आणि आर्डुइनो. खुर्ची पुढे जातच नाही, फक्त कलते. पडद्यावरच्या गाडीने वेग घेतला की मागे, ब्रेक लागला की पुढे. पाठीवरचा दाब कलण्याचा की वेगाचा, हे अंतर्कर्णाला एकट्याने ठरवता येत नाही. निवाडा डोळे करतात. कलण्याची घाई झाली की भास मोडतो. एडविन लिंकने १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांवर वैमानिकांसाठी असेच न उडणारे विमान डोलवले होते.

२०१४ च्या बंदीपूर्वी बैलगाडी शर्यतीत उतरलेल्या माझ्या वडिलांनी आराखडा पाहून एवढेच विचारले, ‘‘आन् धुरळा कुठनं आणणार?’’

अनुकरण ओळखायला मूळ पाहिलेले असावे लागते, हा भट्टतौताचा आक्षेप. वडिलांनी मूळ पाहिले आहे, म्हणून त्यांना उणीव दिसते. नातवाने ते पाहिलेले नाही. त्याला ही खुर्ची पुरेशी वाटेल. मला काळजी वाटते ती या पुरेसेपणाची.