सुट्टी काढून येणारा हिरण्यकश्यपू



कुंभकोणमची कॉफी आणि तिथली देवळं यांवर मागे लिहून झालंय. आज लिहायचंय ते तिथून बसने तासाभरावर असलेल्या मेलट्टूर गावाबद्दल. या गावात एक नाटक मंडळी आहे. भागवत मेळा म्हणतात. वैशाखात नरसिंह जयंतीला ती उभी राहते, आणि तीही गाववाल्यांना नोकरीतून सुट्टी मिळाली तर.

मी तेव्हा कुंभकोणमला एनसीसीच्या इन्स्ट्रक्टर स्टाफवर होतो. मे महिना, कॉलेजं बंद, कॅम्प लागायला अवकाश. ऑफिसातला तमिळ क्लार्क म्हणाला, "साब, आपके राजा लोग का नाटक है, देखो जाके." एवढं ऐकल्यावर मराठी माणूस बसेल होय?

तर इतिहास असा. तंजावरच्या अच्युतप्पा नायकाने 510 ब्राह्मण कुटुंबांना घर, विहीर आणि जमीन देऊन हे गाव वसवलं, असं तिथे सांगतात. नायकांनंतर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले, आणि 1855 पर्यंत भोसल्यांची गादी टिकली. शेवटच्या पन्नासेक वर्षांत सत्ता इंग्रजांकडेच होती म्हणा. याच मराठेशाहीत मेलट्टूरचे वेंकटराम शास्त्री होऊन गेले. आज जी नाटकं होतात ती बहुतेक त्यांचीच: प्रल्हाद, उषा-अनिरुद्ध, हरिश्चंद्र, मार्कंडेय. सगळी तेलुगूत.

राजा मराठी, रयत तमिळ आणि नाटक तेलुगू! आज सीमेवरच्या गावांत पाटीच्या भाषेवरून डोकी फुटतात, म्हणून मला याचं फार नवल वाटलं. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे स्वतः तेलुगूत लिहायचे आणि मराठीतही. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक साधारण 1690 चं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं 1843 ला. म्हणजे आपल्या रंगभूमीचा जन्म सांगलीचा म्हणायचा, तर त्याआधी दीडशे वर्षं कावेरीकाठी मराठी नाटक लिहून तयार होतं. शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

राज्य खालसा झालं आणि मेळ्याचा आश्रय गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरतम नटेश अय्यर यांनी तो नेटाने चालवला. ते गेल्यावर पुन्हा ओहोटी. मग ई. कृष्ण अय्यर हे मद्रासचे वकील मदतीला आले. भरतनाट्यमला मान मिळावा म्हणून ज्यांनी स्वतः साडी नेसून नाच केला, तेच हे. त्यांनी बाहेरच्या जगाला मेलट्टूर दाखवलं. पुढे गावात एकाच्या दोन मंडळ्या झाल्या. का, ते मी विचारलं नाही. आपल्या गावात दोन गणपती का बसतात, ते आपण तरी पाहुण्याला सांगतो का?

प्रयोग रात्री दहाच्या पुढे, वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर रस्त्यातच. देव पहिला प्रेक्षक. आधी कोनंगी येतो, उंच टोपीचा विदूषक. मग भागवतांचं गाणं, आणि मग गणपतीचा मुखवटा घातलेलं एक लहान पोर नाचत येतं. ज्यांनी सिंधुदुर्गात दशावतार पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोघं माणसं आडवा पडदा धरतात. त्याच्यामागून एकेक पात्र आपली ओळख करून देणारं गाणं, म्हणजे दरू, गात-नाचत पुढे येतं. हाच 'दरू' तंजावरच्या मराठी नाटकांतही आहे.

सगळी पात्रं पुरुष. प्रल्हादाची आई लीलावती झालेले गृहस्थ पन्नाशीचे असतील. नवरा पोटच्या पोराला मारायला निघालाय, आणि ती मध्ये उभी. शब्द मला एक कळत नव्हता, पण शेजारचे रिटायर्ड मास्तर डोळे पुसत होते आणि मीही घसा खाकरत होतो. गावातल्या मुलींना मात्र हे पाटावर बसून फक्त बघायचं. हे मला पटलं नाही, आणि आपल्या दशावतारातलंही पटत नाही.

नरसिंहाचा मुखवटा एरवी देवळात पूजेत असतो. जो तो घालणार तो उपाशी राहतो. पहाटेच्या सुमारास नरसिंह आला, तेव्हा माणसांनी त्याला अक्षरशः धरून ठेवलं होतं. अंगात येतं त्याच्या. हिरण्यकश्यपूचं पोट फाडलेलं दाखवत नाहीत. तिथवर जाऊच देत नाहीत.

हे सगळे लोक कोण? कुणी बँकेत, कुणी इंजिनियर, कुणी चेन्नईला, कुणी बंगळूरला. वैशाख आला की अर्ज टाकायचा. मंजूर झाला तर तालमीला हजर. आपण जत्रेसाठी कॅज्युअल मागतो, मार्च एंडिंगला नाहीतर एक्सरसाइजच्या वेळी तीच नामंजूर होते, आणि बिनदाढीचं तोंड करून सीओपुढे उभं राहायचं, ते दुःख या लोकांना पुरतं ठाऊक आहे. फरक एवढाच की आपण नाही गेलो तर पालखी निघते. इथे एक जण नाही आला तर प्रयोगच अडतो, कारण ती भूमिका त्याच्याच घरात चालत आलेली.

सकाळी बसस्टॉपवर लीलावती भेटल्या. शर्ट-पँट, हातात सुटकेस, डोळ्यांत काजळ तसंच. चेन्नईत दुसऱ्या दिवशी ड्यूटी. मी फौजी म्हटल्यावर हात घट्ट धरला. गणपती झालेलं पोर त्यांचंच होतं, खांद्यावर डोकं टाकून पेंगत होतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा गणपती का?" मी विचारलं.

"नाही, उंच झालाय, मुखवटा बसत नाही. आता प्रल्हाद. आवाज फुटेपर्यंत दोन-तीन वर्षं मिळतील." मग जरा थांबून म्हणाले, "गणपतीला पोरगा शोधतोय. अजून मिळाला नाही."

बस आली. पोराला उचलून ते चढले.