चाकरी कोणाची?

अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहून खाली सही करण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. त्या दोन शब्दांतला एकही कोणी मनापासून लिहीत असेल असे मला वाटत नाही. कागदावर आज्ञाधारक व्हायचे आणि कचेरीच्या पायऱ्या उतरताच मित्राला सांगायचे, “आपण कोणाचे ताबेदार नाही बुवा!” आपणा मध्यमवर्गीयांचा हा मोठा आवडता बाणा आहे. पण रात्री दिवा मालवल्यावर स्वतःशी खरे बोलायचे ठरवले, तर ताबेदारीची यादी बरीच लांब निघते. शेजाऱ्याने नवी मोटार घेतली की आपली झोप उडते. तेवढ्यापुरता आपल्या झोपेचा मालक तो शेजारी! कोणी चारचौघांत पाणउतारा केलेला असतो. तो राग आपण वर्षानुवर्षे पोसतो, वेळच्या वेळी त्याला खाऊपिऊ घालतो. म्हणजे आपण त्या रागाच्या घरचे आचारीच की!

मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे या साऱ्या मालकांना मिळून एकच शब्द आहे : पाप. हा शब्द ऐकला की माणसांना खून, दरोडे, व्यभिचार असले काही आठवते, आणि आपण त्या गावचे नाही म्हणून ती निश्चिंत होतात. मीही लहानपणी असाच निश्चिंत होतो. पुढे मराठी शिकवू लागल्यावर शब्दांकडे निरखून पाहण्याची खोड जडली, आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पुन्हा वाचताना लक्षात आले की, पौल तिथे पापाला धनी म्हणतो. असा धनी, की ज्याच्या घरी आपण राबत असतो.

हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास करिंथहून रोमच्या मंडळीला लिहिले गेले. त्या काळचे रोम म्हणजे गुलामांनी भरलेले शहर. पत्र ऐकणाऱ्यांतही गुलाम होते, गुलामीतून सुटलेले होते. पौल तोंडाने सांगत होता आणि ते उतरवून घेणाऱ्याचे नाव होते तर्तियस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘तिसरा’. अशी क्रमांकाची नावे गुलामांत सर्रास आढळत. हा तर्तियस कोण होता याची नोंद नाही. पण ज्या सभेत ते पत्र वाचले गेले, तिथे ‘धनी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

प्रश्न असा होता : देव कृपेने क्षमा करतोच, तर मग पाप करायला हरकत काय? पौलाचे उत्तर व्यवहारी आहे. तुम्ही ज्याच्या हुकुमात स्वतःला देता, त्याचे तुम्ही दास होता. मग तो धनी पाप असो वा देव. ‘मला कोणीच धनी नको’ म्हणणाऱ्यासाठी त्याच्यापाशी तिसरी जागाच नाही. आजच्या वाचकाला हे खटकेल. मला मात्र त्यात माणसाची अचूक पारख दिसते. पाप कधी हुकूम करीत येत नाही. ते आर्जव करीत येते. “एवढे एकदाच,” म्हणते. दुसऱ्या वेळी सवलत मागते, तिसऱ्या वेळी हक्क सांगते, आणि चौथ्या वेळी त्याला काही बोलावेच लागत नाही.

अध्यायाच्या शेवटी पौल दोन्ही धन्यांची देण्याची रीत सांगतो. पापाच्या मोबदल्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा, शिध्याचा आहे. पाप चोख पगार देते, आणि तो पगार मरणाचा असतो. देवाकडून मिळते त्याला मात्र तो पगार म्हणत नाही, दान म्हणतो. एका घरी मजुरी, दुसऱ्या घरी देणगी. हा फरक मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला होता.

माझे वडील नगरला (आताचे अहिल्यानगर) एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. शेतकऱ्याचा माल आला की काट्यावर वजन व्हायचे, आणि हमाली, तोलाई, कडता वजा करून पट्टी वडील लिहायचे. दिवाळीच्या वहीपूजनाला कोऱ्या वह्या आणून ठेवण्याचे कामही त्यांचेच. ख्रिस्ती दिवाणजीने शेठच्या वह्यांची तयारी करावी यात कोणालाच वावगे वाटत नसे. १९९१ साली, मी अकरा-बारा वर्षांचा असताना, शेठनी त्यांना ज्वारीच्या प्रत्येक पोत्यामागे दोन किलो कडता जादा धरायला सांगितले. शेठ माणूस वाईट नव्हते. आमच्या आजारपणात त्यांनी उसने पैसे दिले होते. “सगळी पेठ हेच करते, तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका,” असे ते मायेनेच म्हणाले. वडिलांनी खरे वजन लिहिले आणि आठवड्याने ते घरी बसले.

खरी कथा इथून पुढची आहे. घरात खाणारी पाच तोंडे. थोरल्या बहिणीचे कॉलेजात नाव घालायचे होते, ते राहिले. आई रात्री भांडी घासता घासता म्हणाली, “अहो, देवाची चाकरी तुम्ही धरलीत; उपास आम्ही का काढायचे?” वडिलांपाशी उत्तर नव्हते. धर्मनिष्ठेच्या गोष्टी सांगताना आपण हा प्रश्न नेहमी वगळतो. एकाने निवड केली की तिचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो.

‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मला आई आठवते ती यासाठी. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ते देवाच्या हाकेला दिलेले उत्तर होते. लक्ष्मीबाईंच्या संसारावर मात्र आभाळ कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही स्वतःचे सोवळे सांभाळूनच. टिळकांना त्यांचा निर्णय त्यांच्या वतीने घेता आला नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही तो घेऊ दिला नाही. एक एक गाठ स्वतः सोडवीत त्या आपल्या पायांनी त्या वाटेवर आल्या. देवाची चाकरी कोणाला नवऱ्याच्या नावावर करता येत नाही. अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो.

आईचा अर्ज त्या वर्षीच्या दिवाळीत झाला. वडील किरकोळ दुकानांचे हिशेब लिहायला बाहेर गेले होते. शेठचा माणूस फराळाचे ताट घेऊन आला आणि दारातच म्हणाला, “वहिनी, शेठनी बोलावलंय. पगार वाढवून देतो म्हणालेत. फक्त वही आम्ही सांगू तशी लिहायची.” आईने ताट घेतले. दिवाळीचा फराळ आमच्याकडे शेजारपाजारहून नेहमीच येई. तो परत करणे तिच्या मनातही आले नसते. मग तिने पदराला हात पुसले आणि सांगितले, “फराळ पोचला म्हणावं. निरोप तेवढा परत घेऊन जा.”

तिने हे संध्याकाळी वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. नाताळात तिने तेच ताट करंज्या-शंकरपाळ्यांनी भरून शेठच्या घरी पाठवले. ताट रिकामे परत करायचे नसते, एवढेच ती म्हणाली. आमची ओढगस्त त्यानंतरही दोन-तीन वर्षे टिकली. बहिणीचे शिक्षण उशिराच झाले. देवाने पेटी भरून भरपाई केली, असे मी सांगणार नाही. तसे घडले नाही. पण घरातला तो अबोला गेला. रात्रीच्या प्रार्थनेत आईचा आवाज पुन्हा लागू लागला. त्याला मी देणगी म्हणतो.

एकदा निवडले म्हणजे संपले, असेही नसते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सुमारे आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना आणले आणि केडगावला वसवले. शेती, विणकाम, छापखाना, सारे तिथल्या स्त्रियांनी चालवले. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करीत बसल्या, ते १९२२ साली मृत्यू येईपर्यंत. पापाच्या चाकरीत माणूस दारे लावून घेत जातो. वही लपवतो, फोन लपवतो, शेवटी तोंड लपवतो. केडगावची दारे मात्र उघडत गेली. धनी कोण आहे हे ओळखण्याची याहून साधी खूण मला सापडलेली नाही.

आमच्या कॉलेजात अंतर्गत गुण भरण्याचे दिवस आले की मला फोन येऊ लागतात. बोलणारे सभ्य असतात, कधी नात्यातले असतात. “एवढे एकदाच, सर,” असे म्हणतात. रोमला गेलेले ते पत्र त्या वेळी मला फार जुने वाटत नाही. मी गुण असतील तेवढेच भरतो, आणि मग नात्यातल्या त्या माणसाच्या घरी लग्नाकार्याला मुद्दाम जातो. तो बोलला नाही तरी जातो. पुढच्या परीक्षेला फोन पुन्हा वाजणार आहे, हे मला ठाऊक असते. तेव्हा पुन्हा निवडायचे. पौलाने चाकरी म्हटले ते बहुधा म्हणूनच. चाकरीवर रोज हजर व्हावे लागते.