उभ्या गाडीचा ब्रेक

साताऱ्यात सपाट जागा शोधावी लागते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला टेकून गाव वसलेलं, त्यामुळे किल्ल्याच्या अंगाच्या गल्ल्या एक तर चढाच्या, नाहीतर उताराच्या. आमचं घर अशाच एका गल्लीत. दारात काही ठेवायचं तर ते गडगडत खाली जाणार नाही ना, हे आधी बघायचं, ही आम्हा भावंडांची लहानपणापासूनची सवय. चेंडू, गॅसचं सिलिंडर, भाजीची हातगाडी, सगळ्यांना एकच न्याय. म्हणूनच असेल, पण गाडीचं धावणं मला कधी फारसं मोहवत नव्हतं. ती जागेवर कशी राहते याचंच कुतूहल जास्त.

हँडब्रेक पहिल्यांदा नीट पाहिला तो एसटीत. आजोळी जाताना आई ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची. घाटात इंजिन तापलं की ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा आणि सीटजवळचा लांब दांडा जोर लावून ओढायचा. दात्यांवरून खिटी सरकल्याचा खर्रर्र आवाज व्हायचा. तरीही कंडक्टर खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायचाच. आता तो दांडा गेला. हवेच्या ब्रेकच्या गाड्यांत छोटासा खटका असतो, तो ओढला की फुस्स करून हवा निघून जाते. त्यातली युक्ती मोठेपणी कळली आणि फार आवडली. तिथे ब्रेक लावून धरते ती दणकट स्प्रिंग, हवेचं काम फक्त तो सोडवण्याचं. हवा गळाली तर ब्रेक आपोआप लागतो. आपल्या लहान मोटारीत नेमकं उलट. माणसाने ओढलेली तार ब्रेक लावते. तार तुटली, ताणली गेली, गंजली की ब्रेक सुटला. त्यामुळे तिची काळजी माणसालाच घ्यावी लागते.

आप्पांनी नव्वदच्या दशकात मारुती 800 घेतली. पांढरी, चार गिअरची. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली मालकाला दिली गेली. तसली गाडी आमच्या गल्लीत उभी राहायला बरीच वर्षं जावी लागली. मला गाडी शिकवताना आप्पांनी आधी क्लच नाही शिकवला, स्टिअरिंग नाही शिकवलं. दारातल्या चढावर गाडी उभी केली आणि म्हणाले, "अगं, गाडी थांबवणं वेगळं आणि थांबलेली ठेवणं वेगळं. पायाचा ब्रेक तू गाडीत असतेस तोवर. तू उतरलीस की मागे हा हँडब्रेक एकटाच राहतो." मग हँडब्रेकवर गाडी धरून, क्लच सोडत, जराही मागे न जाता चढावर निघायचा सराव. लायसन्सच्या परीक्षेत हेच करून दाखवायचं असतं, पण आप्पांना परीक्षेची नव्हे, खालच्या अंगाला राहणाऱ्यांची काळजी होती.

ती काळजी खोटी नव्हती. एका दुपारी गल्लीच्या वरच्या टोकाला उभा केलेला टेम्पो एकटाच निघाला आणि खालच्या घराची कंपाउंडची भिंत पाडून थांबला. तिथे रोज खेळणारी मुलं शाळेत होती, म्हणून निभावलं. टेम्पो गिअरमध्ये ठेवला होता, असं त्याचा मालक पुन्हा पुन्हा सांगत होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 126व्या कलमाचा आशय असा आहे, की चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशा रीतीने ब्रेक लावून किंवा तसा बंदोबस्त करूनच ती सार्वजनिक जागी उभी करावी. पुढे हे कलम वाचलं तेव्हा मला ती पडकी भिंत आठवली.

"गिअरमध्ये टाकली की झालं" हे मी आजही जागोजागी ऐकते. गिअर गाडीला धरतो तो इंजिनातल्या दाबाच्या जोरावर. मारुतीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. ते झिजलं की दाबही कमी होतो आणि गाडी उतारावर थोडी थोडी सरकू शकते. शिवाय या गाडीत गिअर धरतो पुढची चाकं आणि हँडब्रेक धरतो मागची. दोन्ही लावले तर चारही चाकं धरली जातात. एकावर विसंबायचं कशाला?

आप्पा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. तिचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, पण सुटे भाग अजून मिळतात. हँडब्रेक सैल पडत चालला होता. दांडा पार वर, कोपर उचलावा लागेल इतका यायचा, तेव्हा कुठे गाडी धरायची. भाचा सुट्टीला आला होता. त्याला म्हटलं, चल, घरीच करू.

हँडब्रेकची दुरुस्ती सुरू करताना हँडब्रेक सोडावा लागतो. त्यामुळे आधी गाडी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या सपाट फरशीवर नेली. पहिला गिअर टाकला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकने उचलली आणि खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. तेवढं मी भाच्याकडून वदवून घेतलं.

त्याने दांड्याच्या मुळाशी असलेला केबलचा नट दाखवला. "मावशी, हा दोन आटे आवळला की काम फत्ते!" बहुतेक ठिकाणी एवढंच केलं जातं, आणि तेच चुकीचं. दांडा वर येतो तो अनेकदा तार सैल झाल्यामुळे नाही, तर मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक धरणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेल्यामुळे. ते अंतर कमी करणारी यंत्रणा ड्रमच्या आतच असते. तिला तसंच ठेवून तार आवळली, तर आतली लिव्हर अर्धवट ओढलेलीच राहते, ती यंत्रणा अडकते, कधी लायनर ड्रमला घासत राहून चाक तापतं, आणि वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून आधी तार सैल करायची, मग ड्रम उघडायचे.

ड्रम सहज निघत नाही. कडेने हलक्या हाताने ठोकत, फिरवत त्याला सोडवावं लागतं. आत काळी बारीक धूळ असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं तर जन्माचं दुखणं. म्हणून फुंकर मारायची नाही, हवेचा पाइपही नको. मास्क लावून, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. डाव्या चाकाचे लायनर नुसते झिजलेले निघाले. उजवीकडे व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपून ते भिजलेले. तेल प्यालेला लायनर धुऊन वापरायचा नसतो. दोन्ही चाकांना नवे जोड आणले, सिलिंडर बदलला. केबलही काढली. सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखीच ही नळीतून जाते, फक्त जाड. नळीच्या टोकाचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलेलं, त्यामुळे तार ओढली जायची पण परत यायला कुरकुरायची. अशा तारेत तेल सोडून वेळ मारून नेतात. मी नवी टाकली.

सगळं जोडून, सिलिंडर उघडल्यामुळे ब्रेकमधली हवा काढून, मग पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला. मागून खट खट आवाज येत गेला, लायनर ड्रमजवळ सरकले. आणि सगळ्यात शेवटी, केबलचा तो नट. दांडा थोड्याच खटक्यांत घट्ट व्हावा आणि सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरावीत, इतकाच आवळला. तो जुना खर्रर्र आवाज भाच्याने कितीदा तरी काढून ऐकला. त्याच्या घरच्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आहे, आतली मोटर काम करते. ते उत्तम चालतं. पण किती ताण आला आहे हे हाताला कळणं मला मोलाचं वाटतं, आणि ते बटणात नाही.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागा बघा, गिअर टाका, ठोकळे लावा. एरवी मात्र तुमच्या जुन्या गाडीची एक परीक्षा घ्याच. मोकळ्या, बेताच्या उतारावर हँडब्रेक ओढा, गिअर काढा आणि पायाचा ब्रेक हळूहळू सोडा, पाय वरच ठेवून. गाडी सरकली, तर ती दुरुस्त होईपर्यंत उतारावर उभी करू नका. आणि दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, आधी ड्रम उघड, केबल नंतर.