पाझरणारा ज्वालामुखी

पाली, १८ मे

याच तारखेला १९८० साली अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स फुटला. डोंगराचा जवळपास ४०० मीटर माथा उडाला, ५७ माणसं गेली. सुट्टीला आलेल्या भाचीला त्याच्या नावाने आंब्याचा पाय करायचा होता. ओव्हन नाही, म्हणून कढईत वाळू तापवली. कणकेची पारी, आत गूळ घालून आटवलेला रस, वर शिखर आणि शिखराला भोक.

पण बीड जिल्ह्यात बसून परक्या डोंगराचं कौतुक कशाला? आपल्याकडे त्याहून थोर प्रकरण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही तो खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, आपली बालाघाटची डोंगररांगही त्याचीच. विहीर खणताना काळ्या पाषाणात मध्येच तांबडा पट्टा लागतो. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खालचा थर झिजून झालेली ती माती. पाणी मुरू द्यायला मात्र हा पाषाण भारी कंजूष. भेग असेल तिथेच झरा. इथल्या टंचाईचा सगळा दोष आपण पावसाला देतो, तो मला अर्धाच पटतो.

आपला लाव्हा शिखरातून नाही, भेगांमधून आला, म्हणून पायवरचं शिखर रद्द केलं. पारी, रस, किसलेल्या गुळाचा तांबडा पट्टा, पुन्हा पारी.

"मामा, हा फुटणार कसा?"

"आपला बहुतेक पाझरतच होता गं."

तिला पटलं नाही. माझी पाठ वळताच तिने सुरीने वरच्या पारीला भोक पाडलं.