भोंगाकाकांचे अर्धे तिकीट

नोव्हेंबर उजाडला की आमच्या चाळीला साताऱ्याची ओढ लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तेथील शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गेल्या खेपेस आम्ही बाराजण निघालो. तिकिटांची यादी आमच्याकडे, कारण आम्ही पडलो कारकून. आणि तिथेच घोटाळा झाला! बारांपैकी पाचजणांची खरी नावे आम्हाला ठाऊकच नव्हती. शेजार मात्र पंचवीस वर्षांचा.

'बॅरिस्टर' कोर्टाची पायरी कधी चढलेले नाहीत, पण १४ एप्रिलला कोट-टाय घातल्याशिवाय खाली उतरत नाहीत. 'कंट्रोलर' एके काळी रॉकेलची रांग लावायचे. आणि 'भोंगा'काका! गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी उठून ते अख्खा मजला हाका मारून जागा करीत. गिरणी गेली, तिचा भोंगा गेला, हे नाव राहिले.

"काका, खरं नाव सांगा. पासष्टच्या वर अर्धं तिकीट लागतं, पण आधार कार्ड दाखवावं लागेल," आम्ही म्हणालो.

"फुल काढ," ते म्हणाले, आणि वर पैसेही मोजून दिले. पैशाला इतके जपणारा माणूस! आम्ही बुचकळ्यात पडलो.

परळहून एस.टी. सुटली. खंबाटकी घाट उतरेपर्यंत सगळे पेंगत होते. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर ऊन आले होते. चहा घेऊन पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे गेलो. तिथेच ती शाळा, आजचे प्रतापसिंह हायस्कूल. दाखल क्रमांक १९१४. नाव : भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ती नोंद जपून ठेवली आहे.

आडनाव आंबडवे गावावरून आलेले. आणि भिवा ही घरातली हाक. नोंदीत 'राव' नाही, 'साहेब' तर नाहीच. बरोबरची पोरे मोठ्याने वाचत होती, "भिवा... भिवा..." भोंगाकाका मात्र बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आम्ही पाणी घेऊन गेलो.

"माझं नाव कचरू," ते एकदम म्हणाले. "आईची आधीची दोन पोरं गेली. तिसरं जगावं म्हणून मला उकिरड्यावर ठेवून उचललं. मायेनं ठेवलेलं नाव रे. पण वरच्या आळीचं शेंबडं पोरगंसुद्धा 'ए कचऱ्या' म्हणायचं. बापासमोर! बाप मान खाली घालायचा. गिरणीत भोंगा झालो तेव्हा जिवात जीव आला. भोंगा म्हणणारे सगळे आपलेच, बरोबरीचे."

पोर जगावे म्हणून कचरू, धोंडू, दगडू अशी नावे सगळ्याच जातींत ठेवीत. पण त्यांच्या धोंडूचे पुढे धोंडोपंत होत, आमच्या धोंडूचा धोंड्याच राही. नाव एकच, फरक हाक मारणाऱ्याच्या तोंडात. ऑफिसात 'उर्फ' लावलेले किती अर्ज आम्ही पाहिले असतील! वारसाच्या कागदावर एक नाव आणि दाखल्यावर दुसरे म्हणून लोकांना परत पाठवावे लागते. त्या 'उर्फ'मागे काय असते, हे कधी विचारायला मात्र सुचले नाही.

काका बराच वेळ शाळेकडे पाहत बसले. मग कंदी पेढे घेतले, नातवंडांसाठी वेगळा पुडा बांधून घेतला आणि स्टँडवर आलो.

"माझं अर्धं काढ," रांगेत त्यांनी हळूच सांगितले.

गाडीत कंडक्टरने आधार कार्ड हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे नाव वाचले. गाडी क्षणभर गप्प झाली. काकांनी मान वर ठेवली आणि म्हणाले, "होय, मीच."

मागून बॅरिस्टर ओरडले, "ओ भोंगाकाका, इकडे या, खिडकी धरून ठेवलीय तुमच्यासाठी!"