श्रद्धा स्वयंपाकघरात उतरते तेव्हा

भिलाईच्या भट्टीला रविवार ठाऊक नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हे गाव भोंग्याच्या आणि पाळीच्या हिशेबाने जगत आले आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आणि येताना आपापले देवही घेऊन आली. म्हणूनच इथे मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकाच वसाहतीत नांदताना दिसतात.

या वसाहतीतल्या ख्रिस्ती घरात रविवारची उपासना कधीकधी रात्रपाळीच्या जागरणावर होते. कधी नाताळच्या आदल्या रात्री मंडळी गीते गात असतात आणि घरचा कर्ता पुरुष भट्टीसमोर उभा असतो. अशा वेळी मनात प्रश्न येतोच. देव फक्त चर्चच्या बाकावर भेटतो का? की डबा भरताना, शेजारणीला साखर देताना, थकून आलेल्या माणसाशी गोड बोलतानाही भेटतो?

या प्रश्नाचे एक जिवंत उत्तर मराठी वाचकाला फार पूर्वीच मिळालेले आहे, आणि त्याची सुरुवात भिलाईच्या अगदी जवळ झाली.

राजनांदगावची गाडी

भिलाईहून नागपूरच्या दिशेने निघाले, की दुर्गनंतर राजनांदगाव लागते. प्रवास तासाभराचाही नाही. एकोणिसाव्या शतकात हे बैरागी महंतांचे संस्थान होते. कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त इथे यायला निघाले, तेव्हा गाडीत त्यांना एक मिशनरी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेड लावले. शत्रूवरही प्रीती करा, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

छत्तीसगडात ख्रिस्ती धर्म तेव्हा नवा नव्हता. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ साली विश्रामपूर वसवले होते. योगायोग असा, की त्याच साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली.

एकाचा निर्णय, दोघांचे दुःख

धर्मांतराची कथा सांगताना आपण बहुधा ज्याने धर्म बदलला त्याच्याविषयीच बोलतो. घरात मागे राहिलेल्या बाईचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. लक्ष्मीबाईंनी ते स्वतःच 'स्मृतिचित्रे'त सांगून ठेवले. या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला.

नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. कुंकू असून संसार मोडलेला. लहानगा दत्तू पदरात. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे आणि लोकांची बोलणी ऐकायची. टिळकांना जे सत्य वाटले त्याची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, त्यांच्या पत्नीने मोजली. श्रद्धेची थोरवी गाताना हा हिशेब विसरून चालत नाही. देवाची हाक एकाला येते, पण तिचे ओझे सगळ्या घराला उचलावे लागते.

या दुराव्यातही टिळकांनी पत्नीला पत्रे लिहिणे सोडले नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्या गावी राहायला आल्या, तरी त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे तसेच. टिळकांनी ते चालवून घेतले. आपला देव पत्नीवर लादला नाही. धर्मापायी घरात भांडणे होतात तेव्हा हा संयम आठवावा.

पाण्याचा तांब्या

लक्ष्मीबाई ज्या माहेरी वाढल्या तिथे सोवळ्याचा कहर होता. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अशा घरातल्या मुलीला दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे म्हणजे केवढे संकट! पण एका रात्री त्या विचार करत बसल्या. पशुपक्ष्यांतल्या जाती डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत तसा भेद कुठे दिसतो? मग या जाती देवाने केल्या की माणसाने? विचार पक्का झाला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. अजून त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो १९०० साली झाला.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पाण्याचा तांब्या, मग बाप्तिस्मा. आधी माणूस जवळ आला, मग धर्म. उपदेश ऐकून झाले नसते ते रोजच्या जगण्याने केले.

पुढे त्यांच्या घराचे दार सदा उघडेच राहिले. टिळकांचा हात देताना कधी आखडला नाही. उद्याच्या पिठामिठाची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. बालकवी हिंदूच होते, पण त्या घरात माया मिळायला धर्म बदलावा लागत नसे.

आपलीच भाषा, आपलाच सूर

टिळक ख्रिस्ती झाले म्हणून परके झाले नाहीत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, भजने रचली, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा वाढवली. मराठी मंडळ्यांत आजही त्यांची गीते गायली जातात. अखेरच्या दिवसांत साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ज्या बाईला एके काळी नवऱ्याचा देव परका वाटला होता, तिनेच ते पुढे नेऊन पूर्ण केले.

आज भिलाईत तयार झालेल्या रुळांवरून देशभर गाड्या धावतात. त्या गाड्यांत शेजारी कोण बसेल, त्याचा देव कोणता असेल, हे आपल्या हाती नसते. त्याच्याशी आपण कसे बोलतो, आपल्या बाटलीतले पाणी त्याला देतो का, त्याच्या डब्यातला घास आनंदाने घेतो का, हे मात्र आपल्या हाती असते.

श्रद्धेची परीक्षा मोठ्या सणाला होत नाही. सणाला सगळेच भाविक असतात. ती होते सोमवारी सकाळी, नळाला पाणी नसताना, सासूबाई आजारी असताना, रात्रपाळी करून आलेला माणूस चिडचिड करत असताना. त्या वेळी तोंडून जो शब्द निघतो, तीच त्या घराची खरी प्रार्थना. भट्टीचा विस्तव अखंड ठेवायला तीन पाळ्यांत माणसे राबतात. घरातली माया अखंड राहायची तर त्यासाठीही घरातल्या प्रत्येकाने आपापली पाळी करायला हवी.