कोपऱ्यातले वस्ताद

आजोबांचा व्यायामाचा मुद्गल बाभळीचा आहे. उंची गुडघ्याच्या वर वीतभर, वजन सहा किलोला जरासं कमी. बूड सपाट, त्यामुळे त्याला भिंतीचा टेका लागत नाही; दाराआड आपला आपण उभा असतो. पोट सुटलेलं, खांदे उतरते, मान बारीक आणि मानेच्या टोकाला लिंबाएवढी गाठ. गावच्या सुताराने तो वाकसाने तासून, कानशीने घासून केला होता, म्हणून अंगावरून हात फिरवला की एका बाजूला किंचित पसरट लागतो. वर्षानुवर्षं जवसाचं तेल पिऊन काळा पडलाय. मूठ तेवढी वेगळी. तिथलं लाकूड गुळाच्या पाकासारखं पिवळट तांबूस आणि इतकं गुळगुळीत की डोळे मिटूनही आजोबांच्या अंगठ्याची जागा बोटाला सापडते.

घरात त्याला कुणी मुद्गल म्हणत नाही. वस्ताद म्हणतात. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, ही आजोबांची शिस्त अजून चालू आहे. खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या पंक्तीत वस्तादांनाही झेंडूची माळ पडते. त्यांचा जोडीदार होता, तो एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. तेव्हापासून हे एकटेच.

वस्तादांचा स्वभाव नव्या माणसाला पटकन उमगत नाही. दंड फुगवून आलेल्याला ते पहिल्या दहा हातांत दमवतात. त्याचं कारण त्यांच्या बांध्यात आहे. सगळं वजन पोटात, म्हणजे तुमच्या मुठीपासून हातभर लांब. ते वजन मनगटाने उचलायला गेलात की मनगट मुरगळतं, कोपर ओरडतं. मुद्गल खांद्यावरून मागे सोडायचा, पाठीमागे लोंबकळू द्यायचा, पोट आत ओढून कंबर घट्ट ठेवायची आणि तो स्वतःच्या झोकाने दुसऱ्या खांद्याकडे यायला निघाला की नुसती वाट दाखवायची. वजन पाठ पेलते, कंबर पेलते, पाय पेलतात. हाताचं काम फक्त धरण्याचं. आजोबा म्हणायचे, "मूठ आवळू नगस, चिमणी धरल्यासारखी धर." हे वाक्य मी लहानपणी हजार वेळा ऐकलं. त्याचा खरा अर्थ मला कळला तो माझ्या भाच्यामुळे, आणि तोही मोटारसायकलींच्या शर्यतीतून.

भाचा आमच्या हिंगोलीचाच. पुण्यात नोकरीला लागला, साठवलेल्या पैशातून जुनी केटीएम आरसी ३९० घेतली. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. मग रीतसर प्रशिक्षण घेऊन, मोटारस्पोर्ट फेडरेशनचा परवाना काढून तो कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पहिल्या शर्यतीला उतरला. आपल्याकडे ट्रॅकवरच्या शर्यतींचं माहेर तिकडेच, कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. शर्यत झाली आणि दिवाळीला घरी आला तो चेहरा पाडून.

"मामा, सहाव्या फेरीपासून हात बधिर पडायले. ब्रेकवर बोटं हाईत का न्हाईत तेच कळंना."

मी त्याचा उजवा हात हातात घेतला. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कसदार होता. जिममध्ये त्याने वर्षभर घाम गाळला होता, ताकद कमी नव्हती. तरी हात ऐन वेळी फितूर झाला.

शर्यतवाले या दुखण्याला आर्म पंप म्हणतात. कोपराखालच्या स्नायूंवर एक चिवट आवरण असतं, ते फारसं ताणत नाही. ब्रेक दाबणं, सोडणं, क्लच ओढणं, ॲक्सिलरेटर पिळणं, हे सारखं चालू राहिलं की स्नायूंत रक्त भरतं, ते फुगतात, आणि आवरणाच्या आत दाब वाढतो. मग रक्ताची ये-जा अडते आणि बोटं मुकी होतात. जगातले सगळ्यांत तयार स्वारसुद्धा यातून सुटलेले नाहीत. स्पेनचा दानी पेद्रोसा २०१५मध्ये मोटोजीपी या जागतिक स्पर्धेच्या मोसमातल्या पहिल्याच शर्यतीनंतर याच दुखण्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेर बसला. २०२१च्या मे महिन्यात स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत फ्रान्सचा फाबियो क्वार्तारारो सगळ्यांच्या पुढे होता. हात असा आखडला की तो घसरत घसरत तेराव्या जागेवर आला. त्याच आठवड्यात त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि वर्षाअखेर जगज्जेता झाला. काहींच्या शरीराची ठेवणच अशी असते की शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. तिथे डॉक्टरच हवेत, वस्तादांचं ते काम नाही. पण कितीतरी पोरांचा हात जातो तो केवळ भीतीने मूठ आवळल्यामुळे.

मोटोजीपीची गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे पळते आणि वळणाआधी काही क्षणांत तिचा वेग शंभरावर आणावा लागतो. गाडी थांबू पाहते, अंग पुढेच जाऊ पाहतं. ते सगळं अंग हँडलवर हातांनी तोलून धरलं, तर पाच फेऱ्यांत हात संपतो. कसलेला स्वार गुडघ्यांनी आणि मांड्यांनी टाकी घट्ट आवळतो, पोट-पाठीच्या जोरावर धड मागे रोखतो, आणि हात मोकळे ठेवतो. इतके मोकळे की ब्रेकचा दाब बोटांच्या टोकांना मोजता यावा. चिमणी धरल्यासारखे. आजोबांना मोटारसायकल चालवता येत नव्हती, पण त्यांचं वाक्य या खेळाचा पहिला धडा आहे, आणि तो धडा शिकवणारे वस्ताद आमच्याच दाराआड उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याला अंगणात उभं केलं. पहिल्या दिवशी दहा हात. त्याने अर्थातच मूठ आवळली. वस्तादांनी तिसऱ्या हातालाच त्याचं मनगट वाकडं केलं. पाचव्याला मुद्गल पाठीमागे गेला आणि भाच्याची कंबर सैल पडून पोट पुढे आलं. मी काही बोललो नाही, वस्ताद स्वतःच सांगतात. आठव्या-नवव्या हाताला त्याने श्वास सोडला, मूठ ढिली केली आणि मुद्गल पहिल्यांदा आवाज न करता खांद्यावरून फिरून आला. त्या वेळचा त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. नंतर त्याने पुण्यात अडीच किलोची नवी जोडी करून घेतली. आता रोज दोन्ही बाजूंनी समान हात, मग जोर, बैठका, मानेचा व्यायाम, आणि आठवड्यातून चार दिवस सायकल किंवा पळणं. मानेचा व्यायाम यासाठी की वाऱ्याचा मारा हेल्मेटला मागे ढकलत असतो आणि वळणात अंग एका बाजूला लटकलेलं असताना डोकं सरळ ठेवावं लागतं. पळणं यासाठी की शर्यतीत छातीचे ठोके पळणाऱ्या माणसाइतके चढतात, आणि दमलेला माणूस चुकीच्या जागी ब्रेक लावतो.

खुराकाच्या बाबतीत मात्र मी वस्तादांच्या जुन्या दोस्तांचं ऐकलं नाही. तालमीतला खुराक म्हणजे शेर-दोन शेर दूध, तूप, बदाम, खारीक. पैलवानाला अंगावर वजन चढवायचं असतं, स्वाराला एकेक किलो जड पडतो. मोटो-३ या गटात तर स्वार आणि गाडी मिळून किमान १५२ किलोचा नियम आहे, म्हणजे तिथे माणसाचं वजनही गाडीबरोबर काट्यावर चढतं. म्हणून भाच्याचं ताट साधं ठेवलं. ज्वारीची भाकरी, मुगा-मटकीची उसळ, अंडी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, दुपारी ताक. रात्री कपभर दुधात वसमतची हळद. ती औषध म्हणून नाही, आमच्या मातीतली सवय म्हणून. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरी हळदीचं दूध त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ते पिऊन आमच्याकडे माणूस लवकर झोपायला जातो, हा त्याचा मोठा गुण. शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी हलकं जेवण, त्यानंतर काही जड नाही.

पाण्याचं मात्र कडक. २४ सप्टेंबर २०२३ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. उन्हाच्या तडाख्यामुळे आयोजकांनी २४ फेऱ्यांच्या २१ केल्या. तरी दुसरा आलेला होर्हे मार्तिन शर्यत संपताच अंगातलं पाणी आटून खाली बसला, त्याला उपचार द्यावे लागले. कातड्याचा जाड सूट, हेल्मेट, हातमोजे, बूट, आणि खाली तापलेलं इंजिन. मराठवाड्यातल्या पोराला ऊन नवं नाही. मेमध्ये हिंगोलीत पारा चाळिशीच्या पुढे असतो. पण उन्हाची सवय आहे म्हणून पाणी कमी प्यायलं तरी चालतं, हा समज घातकी आहे. आदल्या दिवसापासून थोडं थोडं पाणी, लिंबू, मीठ, चिमूट साखर. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही.

वस्तादांचं घराणं मोठं आहे. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या शिपायांना जोडी फिरवताना पाहिलं आणि ती विलायतेला नेली. १८३४मध्ये डोनल्ड वॉकर याच्या व्यायामावरच्या पुस्तकात ती 'इंडियन क्लब' म्हणून छापून आली. पुढे १९०४ला सेंट लुईस आणि १९३२ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा होती, पदकंही दिली गेली. आमच्या हिंगोलीतही निजामाच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फलटण होती, छावणी होती. तिथल्या शिपायांनी कोणती जोडी फिरवली ते सांगायला आता कुणी नाही. पण तिकडे विलायतेतल्या जिममध्ये आज लोखंडी मुद्गल आणि गदा महाग किमतीला विकल्या जातात, आणि इकडे आपल्या तालमीतल्या बाभळीच्या जोड्या माळ्यावर उंदरांच्या हवाली झाल्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते रस्त्यावर. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. कनेरगाव नाक्यापासून वारंगा फाट्यापर्यंत संध्याकाळी उभं राहून बघा. वीस-बावीस वर्षांची पोरं, पायांत चपला, डोक्याला काही नाही, हँडल दोन्ही मुठींत आवळून धरलेलं, पाठ कमानीसारखी वाकलेली आणि काटा शंभराच्या पुढे. त्यांच्या अंगात रग आहे, गाडीवर जीव आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. माझा भाचाही त्यातलाच एक होता. पण ज्या वेगासाठी जगातले स्वार वर्षभर शरीर कमावतात, तो वेग आपली पोरं न कमावलेल्या शरीराने, समोरून ट्रॅक्टर येणाऱ्या रस्त्यावर मागतात. भाच्याने परवाना मिळाल्यापासून महामार्गावर कधी गाडी पळवली नाही. वेग ट्रॅकवर, हे त्याला वस्तादांच्या शिस्तीतून आपसूक कळलं, की ट्रॅकवर एकदा घसरून पडल्यावर कळलं, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या मोसमात तो शेवटच्या फेरीपर्यंत टिकला. नववा आला. फोनवर पहिलं वाक्य हेच, "मामा, बोटं शेवटपर्यंत जागी व्हती."

तुमच्याही घरात कुठे मुद्गल पडला असेल, तर खाली उतरवा. आधी वाळवी आणि तडा बघा. मूठ हलत असेल तर फिरवू नका, सुताराला दाखवा. लाकूड कोरडं वाटलं तर जवसाचं तेल चोळून दोन दिवस सावलीत ठेवा. आणि घरातल्या गाडीवेड्या पोराला पहाटे अंगणात बोलवा. पहिल्या दिवशी दहाच हात.